पांपलमूसच्या तळ्याकाठचं आमंत्रण

ये गं, अशी जवळ येऊन बस. टाळ ठेव खाली घटकाभर. बुवांची गाडी अजून वाटेत आहे, समई आत्ताच लागलीय, आणि बाहेर पिठासारखा पाऊस भुरभुरतोय… तोवर तुला एक गोष्ट सांगते. प्रेमाची आहे. अशी लाजू नकोस! देवापुढे बसून प्रेमाची गोष्ट सांगू नये, असं कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही. उलट कीर्तनात तरी आपण दुसरं काय ऐकतो? कुणीतरी कुणाची वाट बघत असतं, आणि तो येतो. एवढंच ना?

तर ही गोष्ट आपल्या बेटावरच्या लॉंग माउंटन गावची, एकोणीसशे ब्याऐंशी सालातली. उसाला तुरे आले होते. डोंगरापासून सडकेपर्यंत नुसतं रुपेरी हलत होतं. रविवारची दुपार होती, आणि सुनयना अंगणातल्या नळाखाली चिखलाचे पाय धूत होती. केस कसेतरी वर बांधलेले, झग्याची किनार भिजलेली, आणि जीव टांगणीला लागलेला. सकाळपासून तिचे वडील घरात नव्हते. उसाच्या वाटांनी ती दोनदा जाऊन आली होती. शेजारची भगवतीमावशी बसच्या थांब्यापर्यंत पाहून आली होती. कुठेच पत्ता नव्हता.

इतक्यात फाटक करकरलं.

आधी चिपळ्या ऐकू आल्या. मग पांढरा सदरा दिसला, खांद्यावरचं उपरणं दिसलं, आणि गोवर्धनबाबा आत आले — ताठ, हसतमुख, जणू कुणाच्या घरी आख्यान लावून परत येताहेत. आणि त्यांच्यामागून एक उंच तरुण. चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि दोन्ही हातांत, आरतीचं तबक धरावं तसा, रिबिन बांधलेला केकचा डबा.

“सुनयना, पावणे आलेत! पाट मांड!”

“बाबा! कुठे होता तुम्ही?”

“कुठे म्हणजे? घरात लग्न आणि आमंत्रणं कोण देणार?”

सुनयनाचे हात नळाखाली तसेच राहिले. त्या तरुणाने डबा सावरला, घसा साफ केला आणि एकेक शब्द जपून उचलत मराठीत म्हणाला, “नमस्कार. अभिनंदन. नवरी… नवरी कुठे आहे?”

तिने आपल्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“नवरी मीच,” ती म्हणाली. “आणि लग्न नाहीये.”

“आयो…” तो तरुण पुटपुटला. डबा कलंडता कलंडता राहिला.

कुंपणावरून भगवतीमावशीने मान वर काढली. “सापडले का गं? देव पावला! आणि हे कितवे? सातवे ना? मागच्या महिन्यात ती गोरी बाई आली होती, टोपी घालून. चांगली जेवून गेली हो, न होणाऱ्या लग्नाचं!”

त्या तरुणाचं नाव इंद्रदेव. पितों गावचा. इंग्लंडात शिकून परत आलेला. पायरीवर बसून, चष्मा पुसत, त्याने कसंबसं सांगितलं. पांपलमूसच्या बागेत तो एकटाच तळ्याकाठी बसला होता, परातीएवढ्या पानांवर पाऊस पडताना पाहत. हे गृहस्थ आले, म्हणाले, एकटे का बसलात, आज माझ्या मुलीचं लग्न आहे, चला.

“आणि तुम्ही निघालात?”

“मला… बोकू दिवस… म्हणजे खूप दिवस कुणी लग्नाला बोलावलं नव्हतं.” तो ओशाळून हसला. “बसमध्ये त्यांनी सगळं सांगितलं. मांडव कुणी घातला, पुरण किती शिजतंय, सनईवाला कुठून येतोय. मी मनात म्हणत होतो, काय व्यवस्थित लग्न आहे हे!”

“बाबा, सकाळी काय खाल्लं?” सुनयनाने सहज विचारलं.

“सकाळी? अगं, वाकवाला गेलो होतो ना कीर्तनाला. तिथेच उपमा खाल्ला.” बाबा एका दमात म्हणाले.

वाकवा म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी त्यांनी तिच्या हातची भाकरी आणि चहा घेतला होता.

इंद्रदेवच्या तोंडावरचं हसू हळूच गेलं. त्याने बाबांकडे नीट पाहिलं, मग तिच्याकडे. “दारू प्यायचे?” त्याने खालच्या आवाजात विचारलं. “आणि मग एक दिवस चालता येईना? डोळे तिरळे झाले?”

ती एकदम वळली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मी… हाच माझा अभ्यास आहे. दारूने मेंदूचं काय होतं, ते.” मग तो एकदम कपाळावर हात मारून हसायला लागला. “सहा वर्षं मी हेच शिकतोय! ह्यावरच लिहिलंय! आणि शेजारी बसून बसमधून आलो, तरी मला कळलं नाही!”

आणि सुनयना, जी सकाळपासून रडायची राहिली होती, ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती पोट धरून हसली. बाबांना वाटलं, लग्नघरात हसू आहे, छान आहे. त्यांनी चिपळ्या वाजवल्या. डबा उघडला. आत गुलाबी साखरेचे नापोलितेन, म्हणजे जॅम भरलेले बिस्किटाचे केक, होते. पाचसहा जणांपुरते होते ते चौघांनीच बसून संपवले.

*

लग्न एकदा खरोखर ठरलं होतं, बरं का. ऐंशी साली.

गोवर्धनबाबा म्हणजे सगळ्या उत्तर भागातला गळा. दिवसा उसाच्या मळ्यात काम, संध्याकाळी देवळात कीर्तन. देवाच्या लग्नाचं आख्यान लावलं की बायका पदराला डोळे पुसायच्या. पण त्यांची गंगा, सुनयनाची आई, तापाने गेली आणि घर त्यांना खायला उठू लागलं. कोपऱ्यावरच्या लाबुतिकमध्ये, दुकानाच्या बाजूच्या दाराने, रम मिळायची. आधी कीर्तनानंतर, मग कीर्तनाआधी, मग कीर्तनाऐवजी. लग्नाच्या दिवशी वरात दारात आली तेव्हा मुलीचा बाप मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. नवऱ्या मुलाच्या बापाला तो काय बोलला, ते मी देवापुढे सांगत नाही. वरात परत गेली. हळद सुनयनाच्या अंगावर तशीच सुकली.

त्यानंतर ते प्यायलाच बसले. चार महिन्यांनी पडले. इस्पितळातून घरी आले ते दारूवाचून. पण डोक्यातल्या पाटीवर पुढे काही उमटेना. काल काय झालं ते नाही, आज सकाळचंही नाही. आणि मागचंही थोडं पुसलेलं. त्यांच्या लेखी उजाडतो तो प्रत्येक दिवस सुनयनाच्या लग्नाचा. मांडव घातलाय, पुरण शिजतंय, आमंत्रणं द्यायची राहिलीत.

“रागवायचं कुणावर, सांगा,” पुढच्या रविवारी सुनयना इंद्रदेवला म्हणाली. हो, तो पुढच्या रविवारी आला होता. आधी विचारून, हातात वह्या घेऊन. “माझं लग्न ज्याने मोडलं तो माणूस मला कुठे सापडत नाही. जो घरात आहे, त्याला काहीच माहीत नाही. तो रोज माझ्या लग्नाला लोकं बोलावतो. गाव म्हणतं, गोवर्धन आधी प्यायचा, आता खोटं बोलतो.”

“खोटं नाही,” इंद्रदेव पटकन म्हणाला. “खोटं बोलणाऱ्याला खरं माहीत असतं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढ्या दोन गाठी असतात. नुसती दारू पोटात, जेवण नाही, मग अंगातलं एक जीवनसत्त्व संपतं, आणि त्या गाठी सुकतात. मग नवीन काही आत… रेस्ते… राहत नाही. आणि जिथे काही राहिलं नाही, तिथे मेंदू… कसं सांगू… मो पा कोने… मला माहीत नाही…”

“कीर्तनात कसं होतं,” सुनयना हळूहळू म्हणाली, “बुवा मध्येच ओळ विसरतो. पण झांज चालू असते, लोक बसलेले असतात. थांबता येत नाही. मग तो पदरची ओळ घालतो, त्याच चालीत. ऐकणाऱ्याला कळत नाही. कधीकधी त्यालाही.”

इंद्रदेव तिच्याकडे बघतच राहिला.

“काय झालं?”

“सहा वर्षं,” तो म्हणाला, “आणि सहाशे पानं… आणि तुम्ही एका ओळीत…” त्याने वही उघडली. “परत सांगा. सावकाश. माझं मराठी कच्चं आहे.”

“कच्चं? उलटं आहे! आधी शेवट बोलता, मग सुरुवात.”

“मग शिकवा.”

“शनिवारी देवळात मराठीचा वर्ग असतो. मी घेते. पण तिथे सगळे सात वर्षांचे आहेत.”

“मी मागे बसेन. गुडघे मोडून.”

ती स्वेटरच्या कारखान्यात अर्धा दिवस गळे शिवायची. तेवढा वेळ मावशी बाबांकडे लक्ष ठेवायची. बाकी सगळं तिचं आयुष्य या अंगणात. आणि आता त्या अंगणात दर रविवारी एक उंच माणूस गुडघे मोडून बसू लागला.

त्याच्याकडे एक खोका होता. खोक्यात आरसा. कागदावर दुहेरी रेघांची चांदणी काढलेली. पण कागद फळीआड लपवलेला, दिसायचा तो आरशातच. दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. करून बघ कधी, हात वेड्यासारखा भलतीकडेच जातो. पहिल्या रविवारी बाबांची पेन्सिल भिजलेल्या मुंगीसारखी सैरावैरा पळाली. चौथ्या रविवारी जरा वळणावर आली. दहाव्या रविवारी त्यांनी अशी सुबक चांदणी काढली, की इंद्रदेवने टाळ्या वाजवल्या.

“बाबा, हे तुम्ही आधी केलंय?”

“छे! आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. तुम्ही कोण म्हणालात?”

“हात शिकला,” इंद्रदेव सुनयनाला म्हणाला. त्याचे डोळे लकाकत होते. “बाबांना माहीत नाही, पण हाताला माहीत आहे. ते बंद पडलेले नाहीत, सुनयना. दुसऱ्या दाराने आत जाता येतं.”

‘सुनयना’ म्हणाला तो. पहिल्यांदाच. दोघांच्याही ते लक्षात आलं, आणि दोघांनीही आलं नाही असं दाखवलं.

“आता मी,” म्हणून ती खोक्यापुढे बसली आणि पहिल्याच टोकाला तिची रेघ कागदाबाहेर गेली. “हे काय गं बाई! उजवीकडे नेते तर…”

“तिकडे नाही, इकडे… नाही, इकडे…” त्याने तिचं मनगट धरलं. अलगद, चिपळी धरावी तसं. आरशात दोन हात दिसत होते. कुठला कोणाचा, कळत नव्हतं. पेन्सिल थांबली होती.

“चांदणी तर काढतच नाही आपण,” ती आरशातच बघत म्हणाली.

“नाही,” तो म्हणाला. हात मात्र सोडला नाही.

कुंपणापलीकडून मावशी खोकली. एकदा नाही, दोनदा.

आणखी एक गोष्ट सुनयनाच्या लक्षात आली होती, ती तिने कुणाला सांगितली नव्हती. दर रविवारी बाबा इंद्रदेवला नव्याने विचारत, “आपण कुठले?” दर रविवारी तो सांगे, “पितोंचा.” पण विचारता विचारताच बाबा चटईवर थोडे सरकत आणि आपल्या शेजारी त्याच्यापुरती जागा करून देत. देवळाच्या मंडळाचे अध्यक्ष आले, पोस्टमन आला, तरी बाबा असे कुणासाठी सरकत नसत.

*

एकदा तिने विचारलंच, “दारूचाच अभ्यास का? जगात इतकं काय काय आहे.”

पाऊस पडत होता. पत्र्यावर बारीक वाळू ओतावी तसा आवाज. त्याने चहाचा पेला खाली ठेवला.

“माझे वडील प्यायचे,” मग म्हणाला. “मी बारा वर्षांचा होतो. उसात सापडले. लोक म्हणाले, सुटला. मला वाटलं, कशातून सुटला? कुणी विचारलंच नाही. त्यांना शिव्या दिल्या, मारलं, देवळातून हाकललं… पण काय होतंय, हे कुणी विचारलं नाही. म्हणून म्हटलं, आपण विचारावं.”

सुनयनाने त्याच्या पेल्यात अजून चहा ओतला. भरलेलाच होता पेला. चहा बशीत सांडला, आणि तो बशीतला चहा त्याने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

असे सव्वा वर्षाचे रविवार गेले. मग त्र्याऐंशीच्या सप्टेंबरात तो एका रविवारी खोका न घेताच आला.

“काम संपत आलंय,” तो म्हणाला. आता त्याचं मराठी सरळ झालं होतं. सुरुवात आधी यायची, शेवट नंतर. “तिकडून पत्र आलंय, परत या म्हणून. इथल्या इस्पितळानेही विचारलंय, राहता का. मी अजून दोघांनाही उत्तर दिलेलं नाही.”

“का?”

“उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे आहे… तुझ्याकडे.”

ती ओल्या अंगणाकडे पाहत राहिली. बाबा आत चिपळ्यांना तेल लावत होते.

“इंद्र,” ती म्हणाली, आणि त्या एका हाकेतच त्याला कळलं, की हिला आपण हवे आहोत आणि तरी ही नाही म्हणणार आहे. “मी इथून जाऊ शकत नाही. एकदा बाबांना मावशीकडे झोपवलं होतं. सकाळी उठले आणि मला हाका मारत ऊसभर फिरले. भिंत ओळखीची नाही, खिडकी ओळखीची नाही. मी गेले, तर त्यांच्यासाठी मी रोज सकाळी नव्याने हरवेन.”

“मग मी इथे येतो.”

“घरजावई? तुझी आई काय म्हणेल?”

“बोलून झालंय तिचं. आधी ओरडली. मग म्हणाली, त्या मुलीला लोणचं घालता येतं का?”

ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. “तरी नाही होणार. तू विचार कर ना! रोज सकाळी बाबा उठणार. त्यांच्या हिशेबी माझं लग्न व्हायचंय. आणि न्हाणीतून एक परका पुरुष बाहेर येणार. लग्नाआधीच, त्यांच्या मुलीच्या घरात! एकदाच नाही, रोज. रोज त्यांची अब्रू जाणार, रोज त्यांचा संताप, रोज मी सांगणार, बाबा, झालं लग्न… आणि उद्या परत. एकदा माझ्या लग्नात त्यांची शोभा झाली, इंद्र. रोज सकाळी करायची?”

तो उठला, छत्री विसरून पावसातच गेला. सुनयना दाराशी उभी राहिली, उसात त्याचा सदरा दिसेनासा होईपर्यंत.

पण बुधवारी, रविवार नसताना, तो धावत आला. चष्मा धुक्याने भरलेला.

“गाणं!” फाटकातूनच ओरडला. “बाबा चांदणी शिकले, मग गाणं का नाही शिकणार? सांगून राहत नाही, पण गाऊन राहील. हात आणि गळा — ते दुसरं दार! रोज सकाळी ते काय करतात आधी?”

“चिपळ्या घेतात. भूपाळी म्हणतात.”

“मग भूपाळीच्या मागोमाग, त्याच चालीत, आपलं लग्न. चार ओळी. तू लिही. दोन महिने रोज म्हणायच्या.”

आणि तिने लिहिल्या. कारखान्याच्या बसमध्ये, गुडघ्यावर कागद ठेवून:

माझ्या अंगणी मांडव, वाजून गेली सनई,
पितोंचा इंद्रदेव आता घरचा जावई,
सुनयना सुखात आहे, पंगत उठली जेवून,
गोवर्धनाने निरोप दिला देवाचे नाव घेऊन.

पहिल्या सकाळी तिने त्या म्हटल्या. बाबांनी चिपळ्या धरल्या होत्या, चाल त्यांना आवडली, मान डोलली. तिसऱ्या ओळीला चिपळ्या थांबल्या.

“झालं?” बाबा म्हणाले. “सुनयना, तुझं लग्न झालं?”

“हो बाबा.”

त्यांचा चेहरा उजळला, आणि मग त्या उजेडावरून काहीतरी सावलीसारखं सरकत गेलं. अगदी बारीक आवाजात, चोरी सापडलेल्या माणसासारखं, त्यांनी विचारलं, “आणि मी… शुद्धीत होतो का गं?”

सुनयनाने कागद खाली ठेवला. म्हणजे होतं! काहीच राहिलं नव्हतं. दिवस नाही, वरात नाही, बोललेले शब्द नाहीत. पण ती लाज आत कुठेतरी राहिली होती, बिनचेहऱ्याची, बिननावाची, आणि तीन वर्षं हा माणूस ती घेऊन दारोदार आमंत्रणं देत फिरत होता… जणू या खेपेला नीट व्हावं म्हणून. जो माणूस तिला कुठे सापडत नव्हता, तो तिच्यासमोर बसला होता. आणि आता ती त्याच्यावर रागावू शकत होती.

तिने त्यांचे दोन्ही हात चिपळ्यांसकट आपल्या हातांत घेतले.

“होतात, बाबा. शुद्धीत होतात. तुम्हीच तर गायलात!”

“मग बरं,” बाबा म्हणाले. “मग ठीक आहे.” त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, कशाचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

त्याच दुपारी तिने चौथी ओळ खोडली आणि नवी लिहिली: गोवर्धनाने लग्न लावले शुद्धीत राहून.

*

डिसेंबरच्या उन्हाळ्यात, गुलमोहर लाल पेटले असताना, मांडव उभा राहिला. खराखुरा. भगवतीमावशीने पुरण शिजवलं आणि सकाळपासून सगळ्यांना सांगत फिरली, “या खेपेला खरं आहे हो, या!” तरी निम्मा गाव आधी खात्री करायला आला आणि मग घरी जाऊन कपडे बदलून परत आला. ती टोपीवाली गोरी बाईसुद्धा आली.

कोपऱ्यावरच्या लाबुतिकचं बाजूचं दार त्या दिवशी कुणी न सांगता बंद होतं.

वरात पितोंहून आली. बाबा दारात उभे, पांढरा सदरा, उपरणं, हातात चिपळ्या. नवऱ्या मुलाकडे त्यांनी आदराने पाहिलं.

“आपण कुठले?”

सुनयना आतून दाराच्या फटीतून बघत होती; तिच्या हातातली फुलं गळायला लागली. सनई थांबली. याच दारात, अशीच वरात, तीन वर्षांपूर्वी…

इंद्रदेव वाकला. त्यांच्या पायांना हात लावला.

“पितोंचा, बाबा. तुम्हीच बोलावलंत मला. पांपलमूसच्या तळ्याकाठी.”

“मी?” बाबा विचारात पडले. मग हसले. “बोलावलं असेल. मुलीचं लग्न, कुणाला वगळायचं? या, या.” आणि ते बाजूला सरकले. चटईवर सरकत तसे, बरोबर एका माणसापुरते.

त्या दिवशी ते गायले! देवाच्या लग्नाचं आख्यान, तीन वर्षांनी, भर मांडवात, एकही ओळ न चुकता. जुनं होतं ना, ते सगळं शाबूत होतं. शुद्धीत गायले. दोन महिने सुनयना त्यांना जे खोटं सांगत होती, ते संध्याकाळपर्यंत खरं झालं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि नवरीने तर हळदीचा हात तसाच डोळ्यांना लावला.

पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळची.

सुनयना चुलीपाशी उभी, कान बाहेर. चहा उकळून वर येत होता, तिचं लक्ष नव्हतं. इंद्रदेव नळावर तोंड धूत होता. आतून बाबा आले. आणि थबकले. अंगणात परका पुरुष, खांद्यावर टॉवेल. त्यांच्या कपाळावर आठी चढली. तोंड उघडलं.

इंद्रदेव हलला नाही. चटईकडे फक्त बघितलं. तिथे चिपळ्या ठेवल्या होत्या.

बाबांनी त्या उचलल्या. सकाळ आहे, तर चिपळ्या घ्यायच्या. हाताला माहीत होतं. भूपाळी सुरू झाली. भूपाळी संपली. एक क्षण नुसता पाऊस… आणि मग गळा आपणहून पुढे गेला:

“माझ्या अंगणी मांडव, वाजून गेली सनई…”

सुनयनाने ओट्याची कड धरली.

“पितोंचा इंद्रदेव…” बाबा थांबले. समोरच्या माणसाकडे पाहिलं, जणू ओळ त्याच्या अंगावर लिहिली आहे की काय ते ताडत. “आपण पितोंचे?”

“हो, बाबा.”

“इंद्रदेव?”

“हो.”

बाबांनी पुढच्या ओळी म्हटल्या; ‘शुद्धीत राहून’ ही चौथी हळू आवाजात, स्वतःशीच. शेवटच्या शब्दाला त्यांचा खालचा ओठ सैल झाला, खांदे उतरले, आणि ते चटईवर बसून थोडे सरकले.

“मग असे उभे काय, जावईबापू? सुनयना! चहा आण. घरात जावई आलाय आणि तू आत काय करतेस?”

आत काय करत होती म्हणून काय विचारतेस? चहा सगळा उतू गेला होता, आणि ती चुलीपाशी बसून हसत होती, रडत होती. इंद्रदेवने दारात येऊन पाहिलं. ती डोळे पुसत म्हणाली, “उद्या परत विचारतील हं, कोण तुम्ही.”

“विचारू दे,” तो म्हणाला. “बेटावर कितीसे जावई असतील, ज्यांचं रोज सकाळी नव्याने स्वागत होतं?”

पुढे पाच वर्षं, बाबा होते तोवर, रोज सकाळी, त्या अंगणात हे असंच झालं. रोज आठी चढली, रोज चिपळ्या वाजल्या, रोज जावई घरी आला. इंद्रदेवने जे लिहायचं ते लिहिलं, मोठ्या लोकांनी वाचलं. पण वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ होती, झांज चालू असते म्हणून बुवा पदरची ओळ घालतो, आणि खाली नाव सुनयनाचं.

ती बघ, बुवांची गाडी आली. टाळ घे हातात. एवढंच माझं ऐक. कीर्तन रंगलं, बुवा मध्येच एखादी ओळ विसरला आणि त्याने पदरची घातली, की हसू नकोस. त्या ओळीला लॉंग माउंटनच्या गोवर्धनबाबांची आठवण काढ. त्यांना आपल्यापैकी कुणीच आठवत नव्हतं गं… म्हणून त्यांना आठवायचं काम आपल्याकडे आलंय.